नर्सिंगमधून सीएचओ: उपकेंद्रात औषध कोणाच्या अधिकारात द्यायचं? आणि पुढे नर्स प्रॅक्टिशनर होता येतं का?

डोंगरी_उपकेंद्र यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बीएस्सी नर्सिंग झालंय आणि समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, म्हणून एका डोंगरी उपकेंद्रात नेमणूक आहे. लोकसंख्या साडेतीन हजाराच्या आसपास, वाड्या विखुरलेल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र घाटाखाली. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, औषधांची. प्रशिक्षणात 105 औषधांची यादी दिली, पण त्यातलं कोणतं मी स्वतः द्यायचं आणि कोणतं डॉक्टरांना विचारून, हे कुठेच स्पष्ट लिहिलेलं दिसत नाही. उद्या काही झालं तर सही कोणाची धरणार?

दुसरी, रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण. दर महिन्याला घाट उतरून गोळ्या आणायला माणसं जात नाहीत, म्हणून उपचार सुटतात. हे उपकेंद्रावर नीट बसवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तिसरी, पुढच्या वाटेची. परदेशात नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासतात, औषध लिहितात. सीएचओचा अनुभव आपल्याकडे त्या दिशेने नेतो का, की दहा वर्षांनीही कंत्राटी सीएचओच?

---

तालुका_एमओ

पहिल्या प्रश्नाला आधी स्पष्ट नकार देतो, मग काय करता येतं ते सांगतो.

नर्सिंग कौन्सिलची नोंदणी म्हणजे वैद्यक व्यवसायाची नोंदणी नव्हे. औषध नियम 1945 (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम) मध्ये ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ची जी व्याख्या आहे तीत नर्स बसत नाही. त्यामुळे तुमच्या सहीची चिठ्ठी घेऊन रुग्ण गावातल्या मेडिकलमध्ये गेला आणि अनुसूची एचमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध मागितलं, तर ती चिठ्ठी कायद्याने प्रिस्क्रिप्शन ठरत नाही. बाहेरच्या दुकानासाठी कधीच काही लिहून देऊ नका, साध्या कागदावरही नाही आणि व्हॉट्सॲपवरही नाही.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम 2019 चं कलम 32 बरेच जण दाखवतात. त्यात ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, बाकी ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि असे परवाने एकूण नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून जास्त नसावेत, असं ते कलम म्हणतं. पण सीएचओचं नेमणूकपत्र म्हणजे तो परवाना नव्हे. नेमणुकीच्या दिवशी भाषणात काहीही सांगोत, कलम 32 वर विसंबून एकही गोळी देऊ नका.

मग उपकेंद्रात औषध देता ते कशाच्या आधारावर? आधार तीन आहेत आणि प्रत्येक औषधाच्या मागे त्यातला एक तरी असला पाहिजे.

एक, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन. ते केंद्रातल्या केसपेपरवर असेल किंवा ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून आलेलं असेल. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत रुग्णाचा सल्ला’ हा प्रकार मान्य आहे. त्यात औषधांच्या ओ, ए आणि बी याद्या आहेत. ओ यादीतली औषधं कोणत्याही माध्यमातून देता येतात. ए यादीतली पहिल्या सल्ल्यात द्यायची तर व्हिडिओ लागतो. बी यादीतली फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, त्याच आजारासाठी जोड म्हणून. अनुसूची एक्स आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं टेलिमेडिसिनवरून मिळतच नाहीत.

दोन, कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना. नर्सिंगवाल्यांचा बराचसा अधिकार इथून येतो. प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत, एक्लॅम्पसियात (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाने येणाऱ्या झटक्यांत) मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस 10 ग्रॅम, म्हणजे दोन्ही नितंबांत खोल 5-5 ग्रॅम, अकाली कळांमध्ये डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅमचा पहिला डोस, गंभीर संसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला जेंटामायसिन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन पाठवणं. हे सगळं आरोग्यसेविकेलाही दिलेलं आहे, मग तुम्हाला आहेच. हगवणीत ओआरएस आणि 14 दिवस झिंक (2 ते 6 महिने 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20), गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या, जंतनाशक, क्षयरोगाच्या गोळ्या समोर घ्यायला लावणं, हेही याच गटातलं.

तीन, नियमांच्या अनुसूची के मधली सूट. शासनाच्या आरोग्य कार्यक्रमातली औषधं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी दिली तर विक्रीच्या परवान्याची अट लागू होत नाही. ही सूट औषध हातात देण्यापुरती आहे. निदान करून लिहिण्याचा अधिकार तिच्यातून निघत नाही. लोक इथेच गल्लत करतात.

आता करायचं काय? रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून (एमओ) लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कायमचा आदेश, घ्या. उपकेंद्रात प्रत्यक्ष मिळणाऱ्या औषधांचा तक्ता करा, छापील 105 चा नको. प्रत्येकापुढे चार रकाने ठेवा: कोणत्या लक्षणाला, किती डोस आणि किती दिवस, कोणाला द्यायचं नाही, आणि कधी फोन करायचा. खाली एमओची सही, शिक्का, तारीख. एमओ बदलला की नवी सही. एमओ सही करायला कचरतात, खरं आहे. मग तक्ता छोटा करा, पण सहीशिवाय काम नको.

रजिस्टरमध्ये ‘ताप, औषध दिले’ असं लिहू नका. तापमान, नाडी, लहान मूल असेल तर मिनिटाला श्वास किती, वजन, काय दिलं, कोणत्या आधाराने (‘स्टँ. ऑ. 7’ किंवा ई-संजीवनी क्रमांक), परत कधी बोलावलं. मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40, किंवा त्याहून जास्त, म्हणजे जलद श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की चुकतं, कारण तान्ही मुलं मध्येच श्वास थांबवतात.

एक शेवटचं. बीएएमएस सीएचओ आणि नर्सिंग सीएचओ एकाच पदावर असले तरी बीएएमएसची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961 खाली येते. शेजारच्या उपकेंद्रातले सर अमुक देतात म्हणून तुम्ही द्यायचं नाही.

---

साठा_नोंदवही

औषध निर्माण अधिकारी आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं कंटाळवाणं उत्तर माझ्याकडून. उपचार सुटण्याचं पहिलं कारण रुग्णाचा आळस नसतो. गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या जातात, हे ते कारण.

साठा कमी असला की सगळे तेच करतात, असलेला माल सगळ्यांना थोडा थोडा वाटतात. रुग्णाला महिन्यात तीन खेपा पडतात, तिसरी तो करत नाही. त्याऐवजी रुग्णसंख्येवरून मागणी करा.

हिशेब असा. नियोजनात 30 वर्षांवरची लोकसंख्या साधारण 37 टक्के धरतात. तुमच्या 3,500 मध्ये जवळजवळ 1,300. त्यातले उपचारावरचे रक्तदाबाचे रुग्ण समजा 150. प्रत्येकाला रोज एक ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला 4,500 गोळ्या. त्यातल्या 60 जणांना टेल्मिसार्टन 40 चीही गरज असेल तर 1,800. मेटफॉर्मिन 500 दिवसातून दोनदा घेणारे 50 असतील तर 3,000. मागणी महिन्याच्या खर्चाइतकी कधीच करायची नाही. तीन महिन्यांचा साठा हातात राहील अशी करा:

मागणी = (मासिक खर्च × 3) + नवीन रुग्णांसाठी 10 टक्के − हातातला साठा

ॲम्लोडिपिनचं उदाहरण: 13,500 अधिक 1,350 वजा शिल्लक.

इथे एक सापळा आहे. ‘मासिक खर्च’ म्हणजे मागच्या महिन्यात वाटलेल्या गोळ्या असं धरलंत आणि त्या महिन्यात पंधरा दिवस साठाच नव्हता, तर तुटवड्यावरच तुमची पुढची मागणी बेतली जाते. ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीवर वरचे लोक वापराचाच आकडा बघतात. म्हणून साठा शून्य होता ते दिवस वेगळे लिहून मागणीपत्राला जोडा: ‘दि. अमुक ते अमुक साठा निरंक, प्रत्यक्ष गरज इतकी’. लेखी असलं की औषध निर्माण अधिकाऱ्यालाही वर भांडता येतं. तोंडी सांगितलेलं आमच्याही लक्षात राहत नाही, खोटं कशाला बोलू.

मुदत जवळ आलेल्या गोळ्या पुढे आणि नव्या मागे, हे सगळ्यांना माहीत असतं. पत्र्याच्या छपराखाली खोली तापते हे मात्र कोणी धरत नाही. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. फ्रिज नसेल तर प्रसूतीसाठी थोड्याच ॲम्प्यूल आणून बाकी केंद्रावर ठेवा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेत पट्ट्या बिघडतात, आणि तुमच्याकडे पावसाळा चार महिने. डबी उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने घाला. उघडल्यावर किती दिवस चालते ते कंपनीनुसार बदलतं, डबीवर छापलेलं असतं.

तातडीच्या खरेदीला अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्चायचा, निधी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर (पूर्वीचं आरोग्यवर्धिनी) उपकेंद्राला वर्षाला 50,000 रुपयांची तरतूद असते. जन आरोग्य समितीत सरपंच अध्यक्ष आणि तुम्ही सदस्य सचिव. ठराव आधी, खरेदी नंतर, बिल उपकेंद्राच्या नावावर. उलट क्रमाने केलं की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि सरपंच बदलल्यावर कोणी तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

---

डोंगरी_उपकेंद्र

खूप आभार दोघांचे. एक शंका. रक्तदाब जास्त निघाला की लगेच ई-संजीवनीवर ॲम्लोडिपिन घेऊन सुरू करायचं का? आणि लोक ‘सुई द्या’ म्हणतात तेव्हा काय करायचं?

---

सुपरवायझर_ताई

लगेच सुरू करू नका. बहुतेक उपकेंद्रांत मोजमापच चुकतं, आणि चुकीच्या आकड्यावर माणूस आयुष्यभराच्या गोळीला लागतो.

चढ चढून आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं बसवा, पाठीला टेकण, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी झालेली नको. मशेरीसुद्धा तंबाखूच, ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर बायका नाही म्हणतात, ‘मशेरी लावता का’ असं वेगळं विचारा. कफ दंडाला पुरेसा हवा. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वर जातो. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधणं ही नेहमीची चूक. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. 140/90 किंवा जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा. वेगवेगळ्या दोन दिवशी जास्त आलं तरच निदान, आणि ते एमओचं. 180/110 असेल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, दम, एका बाजूला कमजोरी, बोलणं अडखळणं असेल तर 108.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे सुरुवातीचे जिल्हे. तिथे बसलेली पद्धत कुठेही लागू पडते: सगळ्यांसाठी एकच ठरलेला टप्प्याटप्प्याचा प्रोटोकॉल, गोळ्या 30 दिवसांच्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड केंद्रावर, आणि न आलेल्यांची यादी. सुरुवात ॲम्लोडिपिन 5 ने, नियंत्रण नसेल तर डोस वाढवणं किंवा टेल्मिसार्टन, पुढे क्लोरथॅलिडोन 12.5. वाढवायचं कधी ते एमओ ठरवतात. तुमचं काम 140/90 च्या खाली आलेला नाही असा रुग्ण त्यांच्यासमोर आणणं. तीच गोळी सहा महिने निमूट देत राहणं हा या कामातला सगळ्यात मोठा दोष आहे. वाटप होतं, रजिस्टर भरतं, आणि रक्तदाब 160 वरच राहतो.

तुमच्यासाठी दोन धोक्याच्या जागा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन असेल तर दर खेपेला पाळीची तारीख विचारा. गर्भाला ते घातक आहे. पाळी चुकली असेल तर गोळी पुढे न देता त्याच वेळी एमओला फोन. आणि गरोदर बाईचा रक्तदाब 140/90 निघाला तर ती एनसीडीची (रक्तदाब-मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांची) रुग्ण नाही, जोखमीची माता आहे. लघवीत प्रथिनं बघा, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं विचारा आणि वर पाठवा. दुसरी जागा म्हातारी माणसं. क्लोरथॅलिडोनवर असताना जुलाब लागले की सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. घरचे भुताटकी समजतात.

साखरेचं असं: उपकेंद्रात रँडम 140 च्या वर आली तर ती फक्त चाळणी. निदान उपाशीपोटी 126 किंवा जेवणानंतर दोन तासांनी 200 च्या पुढे, तेही प्रयोगशाळेतून. बोट पुसलेलं स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा हाताला गूळ लागलेला असला की आकडा भलताच येतो. हात साबणाने धुऊन कोरडे करा, मग टोचा. ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीवर असलेल्याला उपवासाच्या दिवशी काय करायचं ते आधीच सांगा. एकादशी, चातुर्मास, नवरात्र, आपल्याकडे उपवासांना तोटा नाही, आणि साखर उतरून पडलेला माणूस उपवासाने चक्कर आली म्हणून तसाच झोपवला जातो.

आता दिवस बसवणं. वाटपाचा वार बाजाराला जोडा. वाड्यांवरची माणसं आठवडी बाजाराला उतरतातच. तो वार एनसीडीचा. त्याच दिवशी ई-संजीवनीची वेळ हबच्या, म्हणजे पलीकडून सल्ला देणाऱ्या, डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवा, नाहीतर रुग्ण समोर बसलाय आणि रांगेत क्रमांक विसावा, असं होतं. नेटवर्क जिथे मिळतं ती जागा आधी शोधा. रुग्णाची माहिती, वजन, रक्तदाब, चालू औषधं आधीच भरून ठेवलीत तर डॉक्टरांसमोरची वेळ तपासणीला मिळते.

आशाताईंकडून सीबॅक फॉर्म (आजाराच्या जोखमीचे गुण काढणारे) भरून येतात, गुण चारच्या वर आले की आधी तपासणी. पण चार आणि त्याखालचेही 30 वर्षांवरचे सगळे तपासायचेच असतात, हे आशांना पुन्हा सांगावं लागतं. महिनाअखेरीला न आलेल्यांची नावं वाडीनुसार काढून त्या त्या आशाकडे द्या. ‘बेपत्ता 23’ असा आकडा देऊन उपयोग नाही, नावं द्या. तुमच्या भागातून ऊसतोडीला माणसं जात असतील तर दसऱ्याच्या आधी त्यांची यादी करा आणि एमओकडून कार्डावर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्या. साठ्याच्या मागणीत हे आधी धरा, नाहीतर वरचे साठा_नोंदवही तुमच्यावर रागावतील.

‘सुई द्या’वर: वाद घालत बसू नका. तपासा, हात लावा, पोट दाबून बघा, जीभ बघा. माणूस सुई मागतो कारण त्याला कोणीतरी आपल्याला नीट बघावंसं वाटतं. ताप-अंगदुखीला डायक्लोफेनॅकची सुई हा तर विषयच नको. डोंगरात डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही असतात, त्यात ते औषध रक्तस्राव आणि मूत्रपिंड दोन्हीकडून अंगाशी येतं. पॅरासिटामॉल, पाणी, आणि तिसऱ्या दिवशी ताप असेल तर परत. सुई देणारा खासगीवाला शेजारी असेल तर पहिले काही महिने ओपीडी कमीच राहील. कामावर आधारित मोबदल्यात ओपीडीचा आकडा धरतात म्हणून लोक घसरतात. घसरू नका.

---

पाठ्यक्रम_नर्सिंग

तिसऱ्या प्रश्नावर. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रगत सराव नर्स म्हणजे किमान पदव्युत्तर शिक्षण आणि वाढीव अधिकार. त्या मापाने सीएचओ त्यात बसत नाही. सीएचओ हा मध्यम स्तरावरचा सेवा प्रदाता. सुरुवातीला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र लागायचं, अलीकडच्या बीएस्सी अभ्यासक्रमात तो भाग आतच घातला आहे. तुमची बॅच कोणती आणि जाहिरातीत काय अट आहे हे जुळवून पाहा.

भारतात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ नावाने ठळक वाटा दोन.

क्रिटिकल केअर: दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम, बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव. बहुतांश वेळ वॉर्डात जातो. काम अतिदक्षता विभागात, संस्थेच्या प्रोटोकॉलखाली. चांगला आहे, पण प्राथमिक सेवेशी त्याचा संबंध नाही. गावात काम करायचं असेल तर हा निवडू नका.

मिडवाइफरी: केंद्र सरकारच्या डिसेंबर 2018 च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांनुसार 18 महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग मिडवाइफच्या नेतृत्वाखालच्या प्रसूती कक्षात नेमणूक. जोखीम नसलेली बाळंतपणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच बघते. हे कक्ष जास्त बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयांत असतात, उपकेंद्रात नाहीत. पण नर्सला स्वतःचं कार्यक्षेत्र आखून देणारी आपल्याकडची सगळ्यात स्पष्ट वाट हीच. अर्ज करण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: प्रशिक्षणानंतर नेमणूक कुठे, आणि तिथून सामान्य वॉर्डात बदली होऊ शकते का. प्रशिक्षित माणूस रात्रपाळीच्या तुटवड्यात सर्जिकल वॉर्डात उभा केला की प्रशिक्षण वाया जातं.

तिसरी वाट कोणी सांगत नाही: कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी. अधिकार वाढत नाहीत, पण शिकवणं, कार्यक्रम व्यवस्थापन, जिल्हा स्तरावरचं काम उघडतं. मानधनाचं बोलायचं तर सीएचओला 25,000 निश्चित आणि कामावर आधारित कमाल 15,000, हे कंत्राटी आहे. अनुभवाचा दाखला दरवर्षी घेऊन ठेवा, पाच वर्षांचा एकदम मागायला गेलात की सही करणारे अधिकारी बदललेले असतात. कौन्सिलची नोंदणी आणि नूतनीकरण चालू ठेवा, खंड पडला तर परदेशी अर्जात प्रश्न येतात.

---

लीड्सवाली_नर्स

इंग्लंडमध्ये प्रायमरी केअरमध्ये आहे, फरक कुठे आहे तेवढं सांगते. इथे नर्सला औषध लिहिण्याचा अधिकार ‘अनुभव खूप आहे’ म्हणून मिळत नाही. व्ही 300 नावाची वेगळी पात्रता असते, ती झाली की नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवर नावापुढे तशी नोंद होते. कोर्सच्या काळात एक नेमलेला प्रिस्क्रायबर तुमचं काम बघतो आणि शेवटी सही करतो. 2006 पासून अशी नर्स आपल्या क्षमतेच्या कक्षेतलं जवळजवळ कोणतंही औषध स्वतंत्रपणे लिहू शकते, आणि 2012 पासून बहुतेक नियंत्रित औषधंही. कक्षेबाहेरचं लिहिलं तर जबाबदार तीच, डॉक्टर नाही.

म्हणजे अधिकार रजिस्टरवर आहे, नेमणूकपत्रावर नाही. नोकरी बदलली तरी तो सोबत येतो. सीएचओचं उलट आहे, उपकेंद्र सुटलं की स्टँडिंग ऑर्डरही सुटली.

इकडे यायचा विचार असेल तर सीएचओचा अनुभव सरळ ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणून धरत नाहीत. आधी साधी नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची आणि ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक, परीक्षा, मग वॉर्ड किंवा प्रॅक्टिस नर्स, मग पुढचं. पण मुलाखतीत दीर्घकालीन आजारांचं फॉलोअप, न आलेल्यांचा पाठपुरावा, प्रोटोकॉलवर काम हे सांगता येतं आणि त्याला किंमत आहे. तुमच्या क्लिनिकमधले नियंत्रणाचे आकडे तिमाहीनुसार लिहून ठेवा, रुग्णांची नावं न घालता.

---

तालुका_एमओ

लीड्सवाल्या ताईंचं बरोबर आहे, पण एक जोडतो. इथे उद्या नर्सला रजिस्टरवर अधिकार दिला तरी चढण चढून येणाऱ्याला गोळी मिळेलच असं नाही. अधिकार आहे पण टेल्मिसार्टन नाही, अशी प्राथमिक आरोग्य केंद्रं एमबीबीएस डॉक्टर असूनही मी पाहतो. दोन्ही लागतं. माझ्या मते आज सीएचओला नियंत्रणात असलेल्या रुग्णाचं रिफिल आणि प्रोटोकॉलमधला पुढचा एक टप्पा, एवढा अधिकार लेखी द्यायला हरकत नाही. माझ्याच व्यवसायातले बरेच जण याला विरोध करतील.

सुपरवायझर_ताईंच्या डेंगीच्या मुद्द्याला एक पुरवणी: ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. पोटदुखी, सतत उलट्या, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काहीही असेल तर ताप नाही म्हणून घरी पाठवू नका.

---

डोंगरी_उपकेंद्र

स्टँडिंग ऑर्डरचा तक्ता करायला घेते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची व्हाया (ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्याने बघायची) तपासणी उपकेंद्रात सुरू करावी का? प्रशिक्षण झालंय.

---

सुपरवायझर_ताई

आधी तीन गोष्टी जुळल्या तरच. एक, डोळ्याला पुरेसा उजेड, म्हणजे चार्ज राहणारा टॉर्च किंवा लॅम्प, खिडकीचा नाही. दोन, निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून बघायचं उपकरण) दिवसाच्या बायकांइतके. दोनच असतील तर त्या दिवशी दोघीच तपासा, मधल्या मधे उकळून पुन्हा वापरू नका. तीन, पॉझिटिव्ह आली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी कोण बघणार, हे नावानिशी ठरलेलं. तिसरी जुळत नसेल तर थांबा, कारण पॉझिटिव्ह सांगून पुढे काहीच न झालेली एक बाई परत गेली की वाडीतल्या बाकीच्या येत नाहीत.

द्रावण 5 टक्के: 5 मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि 95 मिलि डिस्टिल्ड पाणी. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. रोज ताजं. लावल्यावर पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून थांबा, घाईत बघितलं की पांढरा भाग उमटायच्या आत निगेटिव्ह लिहिलं जातं. वय 30 ते 65, पण पाळी गेलेल्या बाईत बघायची सीमारेषा आत सरकते आणि व्हाया भरवशाची राहत नाही. अंगावरून रक्त जात असेल तर त्या वयात व्हाया करत बसू नका, सरळ वर पाठवा.

---

साठा_नोंदवही

ग्लेशियल ॲसिड केंद्राच्या मागणीत वेगळं लिहावं लागतं, उपकेंद्राच्या नेहमीच्या औषधांबरोबर ते आपोआप येत नाही. बाटली काचेची, लेबल लावून, कुलपात. मागच्या वर्षीचं द्रावण कपाटात दिसलं तर फेकून द्या.